टोपी आटवायची तर लोकर खरी हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत हिवाळ्याच्या निमित्ताने छंदांविषयी जी लेखमाला सुरू आहे, तिच्यातील विणलेली टोपी गरम पाण्यात आटवून नमद्यासारखी, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड वस्त्रासारखी, दाट करण्याविषयीचा लेख मी आवडीने वाचला. विणकामाला पुरवणीत पूर्ण पान मिळणे ही आजकाल दुर्मीळ गोष्ट आहे, त्यामुळे लेखिकेचे आभार मानणे मी माझे कर्तव्य समजते. मात्र त्या लेखात तीन विधाने अशी आहेत की, ती वाचून कामाला लागलेल्या वाचकाचे श्रम आणि पैसे दोन्ही वाया जातील. ‘बाजारात मिळणारी कोणतीही लोकर चालेल’ हे पहिले विधान, ‘साडेदहा नंबरच्या सुया घ्याव्यात’ हे दुसरे आणि ‘हा परदेशातून अलीकडे आलेला नवा छंद आहे’ हे तिसरे. मी चाळीस वर्षे विणते आहे आणि गेली नऊ वर्षे टोप्या, पिशव्या आणि चष्म्याची घरे आटवते आहे, तेवढ्या अनुभवाच्या जोरावर हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या विधानाचा परिणाम मी प्रत्यक्ष पाहिला. लेख वाचून आमच्या सोसायटीतील तिघींनी मिळून कोपऱ्यावरच्या दुकानातून सुंदर रंगांच्या गुंड्या आणल्या, आठवडाभरात तीन मोठ्या, सैल टोप्या विणल्या आणि लेखात सांगितल्याप्रमाणे त्या कडक गरम पाण्यात साबण लावून चोळायला घेतल्या. दोन तास चोळूनही टोप्या होत्या तेवढ्याच राहिल्या, किंबहुना थोड्या जास्तच लोंबल्या. एकीने त्या वॉशिंग मशीनमध्ये सर्वांत गरम पाण्यावर दोनदा फिरवल्या, दुसरीने रात्रभर भिजत घातल्या आणि शेवटी तिघी माझ्याकडे ‘आमचे काय चुकले’ असे विचारत आल्या. त्यांचे काहीही चुकले नव्हते. गुंडीवरच्या कागदी पट्टीवर, चष्मा लावूनही कष्टाने दिसेल एवढ्या बारीक इंग्रजी अक्षरांत, शंभर टक्के ॲक्रिलिक असे छापलेले होते. ॲक्रिलिक जन्मभर चोळले तरी आटत नाही.

याचे कारण समजून घेतले तर या छंदातील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगते. मेंढीची लोकर म्हणजे केस आहे आणि केसाप्रमाणेच ती केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. तिच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे अतिशय सूक्ष्म खवले असतात आणि त्या सर्वांची तोंडे तंतूच्या टोकाकडे असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने मात्र अडतो. गरम पाण्यात लोकर फुगते, खवले थोडे उचलले जातात आणि साबणामुळे तंतूंना सरकायला निसरडी वाट मिळते. अशा वेळी तिला चोळले, आपटले किंवा दाबले की प्रत्येक तंतू पुढे सरकतो, शेजारच्या तंतूंत घुसतो आणि मागे येऊ शकत नाही. हजारो तंतू असे एकमेकांत अडकत गेले की कापड आखडते, दाट होते आणि विणलेले टाके दिसेनासे होतात. यालाच आपण घरगुती भाषेत लोकर आटणे म्हणतो. ॲक्रिलिक हे खनिज तेलापासून रसायनशाळेत तयार केलेले सूत आहे. त्याचा तंतू काचेच्या नळीसारखा गुळगुळीत असतो, त्याला खवले नाहीत, मग तो अडकणार कशाला?

खरी अडचण आपल्या भाषेत शिरलेली आहे. मराठीत लोकर या शब्दाचा अर्थ गेल्या दोन पिढ्यांत हळूहळू ‘विणायचे जाड सूत’ एवढाच उरला आहे. परदेशात ॲक्रिलिकचे उत्पादन १९५०च्या सुमारास सुरू झाले आणि पुढे ते आपल्याकडेही आले. माझ्या लहानपणी आई आणि मावशी त्याला ‘कॅशमिलॉन’ म्हणत. ते खरे तर एका परदेशी कंपनीच्या सुताचे नाव होते, पण त्या नावामुळे निदान ही वेगळी वस्तू आहे हे घरातील प्रत्येक बाईला ठाऊक असे. लोकर आणायची की कॅशमिलॉन आणायचे, हा प्रश्न दुकानात जाण्यापूर्वीच घरात ठरत असे. आता कॅशमिलॉन हा शब्द मागे पडला, खरी लोकर दुकानातून गेली आणि तिचे नाव मात्र ॲक्रिलिकच्या गुंडीला चिकटून राहिले. दुकानदार मुद्दाम फसवतो असे मला म्हणायचे नाही, कारण ‘खरी मेंढीची लोकर आहे का’ असे विचारल्यावर बहुतेक दुकानदार सरळ नाही म्हणून सांगतात. आपण विचारत नाही, एवढेच.

ॲक्रिलिकविषयी माझ्या मनात आकस नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. ते स्वस्त आहे, रंग पक्का असतो, रोज धुता येते आणि कपाटात वर्षानुवर्षे ठेवले तरी कसर लागत नाही. लोकरीला मात्र कडुनिंबाचा पाला किंवा लवंगा घालून ठेवले तरीही डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. भाचीच्या आणि सुनेच्या बाळंतविड्यातील झबली, मोजे आणि टोपडी मी ॲक्रिलिकचीच विणली, कारण दिवसातून तीन वेळा बदलायचा कपडा हाताने अलगद धुऊन सावलीत वाळवत बसायला बाळंतिणीच्या घरात कोणाला वेळ असतो? केवळ एका बाबतीत मी सर्वांना सावध करते. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत बाळाला शेगडीचा शेक आणि धुरी दिली जाते. त्या वेळी ॲक्रिलिकचे टोपडे डोक्यावर असू नये. लोकर सहज पेट घेत नाही आणि पेटलीच तर जाळ दूर केल्यावर बहुधा विझते, ॲक्रिलिक मात्र भराभर पेटते, वितळते आणि त्वचेला चिकटते.

जाळाचा हाच गुण ओळख पटवण्यासाठी उपयोगी पडतो. गुंडीचे चार बोटे लांब सूत तोडून ते चिमट्यात धरावे, मोरीत किंवा पाण्याच्या ताटावर उभे राहावे आणि टोकाला काडी लावावी. खरी लोकर कुरकुरत, आखडत जळते, केस जळल्याचा वास येतो आणि जी काळी राख उरते ती बोटांत चुरगाळली जाते. ॲक्रिलिक काळा धूर सोडत वितळते आणि थंड झाल्यावर टोकाला टणक मणी राहतो, जो नखाने फुटत नाही. ही परीक्षा करायला अर्धा मिनिट लागतो आणि पुढच्या आठवड्याचे श्रम वाचतात. जेथे जाळून पाहणे शक्य नाही तेथे गुंडीच्या पट्टीवर १९६४पासून वापरात असलेले, लोकरीच्या गुंडाळलेल्या लडीसारखे दिसणारे काळ्या पट्ट्यांचे ‘वूलमार्क’ हे चिन्ह आहे का ते पाहावे.

तरीही एवढ्याने भागेलच असे नाही, याचा धडा मी स्वतः पैसे मोजून घेतला आहे. मुलाकडे कॅनडात एक हिवाळा राहिले असताना तेथील एका दुकानातून मी मऊसूत मेरिनो लोकरीच्या चार गुंड्या, आपल्या हिशेबाने भलत्याच महाग, घेतल्या होत्या. लोकर अस्सल होती, जळल्यावर केसाचाच वास येत होता आणि तरीही टोपी इंचभरसुद्धा आटली नाही. शेजारच्या वृद्ध बाईंनी, ज्यांनी मला हे काम मुळात शिकवले, पट्टी हातात घेतली आणि तिच्यावरील ‘सुपरवॉश’ या एका शब्दावर बोट ठेवले. यंत्रात धुता यावी म्हणून अशा लोकरीचे खवले क्लोरीनच्या प्रक्रियेने बोथट केलेले असतात आणि वर पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो. स्वेटरसाठी तो गुण आहे, आमच्या कामासाठी तोच दोष आहे. तेव्हापासून यंत्रात धुवा असे ज्या गुंडीवर लिहिलेले असते ती मी खाली ठेवते आणि ‘हाताने, थंड पाण्यात धुवा’ अशी ताकीद जिच्यावर असते ती घेते. पांढरी शुभ्र, विरंजन केलेली लोकरही पुष्कळदा नीट आटत नाही. नैसर्गिक करडी किंवा तपकिरी अधिक भरवशाची असते.

आता सुयांविषयी. लेखातील साडेदहा नंबर हा अमेरिकी मोजमापाचा आहे, हे लेखिकेच्या ध्यानात आले नसावे. अमेरिकेत नंबर वाढतो तशी सुई जाड होत जाते. आपल्याकडे पूर्वापार जी इंग्लंडची जुनी पद्धत चालत आली, तिच्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. अमेरिकी साडेदहा नंबर म्हणजे साडेसहा मिलिमीटर, आपल्या हिशेबाने ३ नंबर. आपल्या दुकानांत साडेदहा नंबर नसतोच, त्यामुळे आमच्या तिघींनी साहजिकच १० नंबर घेतला, जो सव्वातीन मिलिमीटरचा, म्हणजे हव्या होत्या त्याच्या बरोबर निम्म्या जाडीचा आहे. त्यांच्या टोप्या त्यातल्या त्यात सैल झाल्या त्या केवळ हात सैल असल्यामुळे. आटवायच्या कापडात टाक्यांना हलायला जागा असावी लागते. घट्ट विणलेल्या कापडात तंतू सरकतच नाहीत आणि पुठ्ठ्यासारखा कडक, वाकडा गोळा तयार होतो. सुईची जाडी मिलिमीटरमध्ये छापली तर हा सारा घोळ मिटेल. आजच्या बहुतेक सुयांवर ती कोरलेलीही असते.

प्रत्यक्ष टोपी करताना सर्वांत आधी नमुन्याचा चौकोन विणावा, हे मी कितीही वेळा सांगितले तरी उत्साही मंडळी ते गाळतात. मी ३ नंबरच्या सुयांवर २८ टाके घालून आठ इंच रुंद आणि आठ इंच उंच चौकोन सुलट-उलट ओळींत विणते आणि आटवते. माझ्या नेहमीच्या करड्या लोकरीचा हा चौकोन आटल्यावर सहा इंच रुंद आणि सव्वापाच इंच उंच राहतो. रुंदीपेक्षा उंची अधिक आटते ही गोष्ट पहिल्या टोपीच्या वेळी माहीत नसल्याने माझी ती टोपी वाटीसारखी झाली होती आणि अजून तिच्यात मी बटणे ठेवते. या चौकोनावरून पुढचा हिशेब त्रैराशिकाचा आहे. डोक्याचा घेर २२ इंच हवा असेल तर विणताना तो साधारण सव्वाएकोणतीस इंच धरावा लागतो आणि इंचाला साडेतीन टाके या मानाने १०४ टाके घालावे लागतात. १०४ या आकड्याची सोय अशी की त्याचे १३ टाक्यांचे आठ समान भाग पडतात, त्यामुळे माथ्याकडे जाताना प्रत्येक भागात एक याप्रमाणे दर दुसऱ्या ओळीत आठ टाके कमी करत गेले की माथा सुबक गोल येतो. आटल्यावर आठ इंच उंची हवी असेल तर टोपी सव्वाबारा इंच उंच विणावी. गोल सुई असेल तर शिवण येत नाही. साध्या दोन सुयांवर विणली तर शिवण त्याच लोकरीने, सैल हाताने घालावी, म्हणजे ती कापडाबरोबरच आटून नाहीशी होते. एवढी मोठी टोपी पाहून घरची माणसे हसतात, पण तिकडे लक्ष देऊ नये.

आटवण्याचे काम मी मोरीत, धुण्याच्या दगडावर करते. वॉशिंग मशीनचे दार मध्येच उघडता येत नसेल तर आतली टोपी कधी हवी तेवढी आटली आणि कधी नातवाच्या बाहुलीच्या मापाची झाली हे कळतच नाही, आणि आटलेली लोकर पुन्हा मागे आणता येत नाही. रबरी हातमोजे घालून सोसेल तेवढे गरम पाणी घ्यावे, कपड्याची साबणाची वडी थोडीशी फिरवावी, फेस फार नसावा, कारण फार फेसात हात नुसते निसटतात. पहिली दहा मिनिटे टोपी आणखी ढगळ आणि लिबलिबीत होते. येथेच नवशिके धीर सोडतात. त्यानंतर एकाएकी हाताला कापड भरल्यासारखे लागू लागते. मग दर पाच मिनिटांनी टोपी पिळून, झटकून, आतून बाहेरून उलटून पाहावी, घड्या पडल्या असतील त्या मोडाव्यात आणि मध्यभागी आत गाठोडे बनू देऊ नये. मला एका टोपीला पाऊण ते सव्वा तास लागतो. टाके दिसेनासे झाले आणि कापड बोटांनी ताणल्यावर भोके पडली नाहीत की काम झाले. नंतर साबण पूर्ण निघेपर्यंत स्वच्छ पाण्यात खळबळावी आणि शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालावे.

आकार देण्यासाठी परदेशात लाकडाचे ठोकळे मिळतात. आपल्या स्वयंपाकघरात ते आधीच आहेत, फक्त त्यांना आपण पातेले म्हणतो. २२ इंच घेर म्हणजे सात इंच व्यास. ज्या पातेल्याचा बाहेरून व्यास सात इंच भरेल ते उपडे घालावे, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि ओली टोपी हाताने ताणत त्यावर बसवून दोन दिवस पंख्याखाली सुकू द्यावी. कडा वर दुमडायची असेल तर ओली असतानाच दुमडावी. गोल बुडाच्या पातेल्यावर माथा गोल येतो, सपाट डब्यावर सपाट येतो. भांडी विकत घ्यायला गेल्यावर मी आता टेप काढून मोजू लागते, याचे दुकानातील मुलांना नवल वाटते.

पुण्यात ही टोपी घालायची कधी, हा आक्षेप मला मान्य आहे. डिसेंबर-जानेवारीतील पाच-सहा आठवडे पहाटे फिरायला जाणाऱ्यांना ती उपयोगी पडते, कानांवर ओढली की वारा लागत नाही आणि हलका पाऊस तिच्यावरून निथळून जातो. एरवी माझ्या टोप्या नातेवाइकांबरोबर थंड देशांत जातात. येथे उपयोगाच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. चष्म्याचे घर, फोनची पिशवी, गरम भांडे उचलायचे फडके, थंड फरशीवर बसायचे आसन आणि चपलेतील तळवे या सर्व वस्तू आटवलेल्या कापडाच्या उत्तम होतात, कारण हे कापड कापले तरी त्याचे सूत सुटत नाही आणि कडा शिवावी लागत नाही. नवशिक्यांनी टोपीपासून सुरुवात न करता चष्म्याच्या घरापासून करावी, असे मी सुचवेन. तेथे माप दोन सूत इकडे तिकडे झाले तरी चष्मा तक्रार करत नाही.

तिसऱ्या विधानाकडे वळते. विणून आटवलेली टोपी हा नवा छंद नाही, ती जगातील अनेक प्रसिद्ध टोप्यांची मूळ कृती आहे. फ्रेंच माणसाची ओळख बनलेली बेरे टोपी पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या बेआर्न भागात अशीच तयार होते. ती आधी भली मोठी, सैल विणतात आणि मग साबणाच्या पाण्यात कुटून आटवतात. ओलोराँ-सँत-मारी या गावातील एक कारखाना १८४०पासून हेच काम करतो आहे. ट्युनिशियातील लाल ‘शेशिया’ टोपीची कथा याहून रंजक आहे. १६०९नंतर स्पेनमधून हाकलले गेलेले मुस्लिम वंशाचे कारागीर ट्यूनिस परिसरात स्थायिक झाले आणि त्यांच्यामुळे हा धंदा भरभराटीला आला. बायका घरी बसून पांढऱ्या लोकरीच्या मोठ्या टोप्या विणत, त्या मजेर्दा नदीकाठच्या अल-बातान येथे पाण्याच्या शक्तीवर कुटून आटवल्या जात, मग एका झुडपाच्या काटेरी बोंडांनी त्यांच्यावर लव उठवली जाई आणि शेवटी त्या लाल रंगवल्या जात. ट्यूनिसच्या जुन्या शहरात या टोप्या करणाऱ्यांची स्वतंत्र पेठ आजही आहे. इंग्लंडात तर १५७१मध्ये कायदाच झाला होता की, सहा वर्षांवरील बहुतेक प्रत्येकाने रविवारी आणि सणाच्या दिवशी देशात बनलेली लोकरीची विणलेली टोपी डोक्यावर घातली पाहिजे. उमरावांना आणि प्रतिष्ठित घरच्या स्त्रियांना सूट होती. टोपीवाल्यांचा धंदा वाचवण्यासाठी केलेला हा कायदा कोणी फारसा पाळला नाही आणि १५९७मध्ये तो रद्द झाला.

आपल्याकडे विणून आटवण्याची परंपरा नव्हती, हे खरे आहे. पण न विणता लोकर दाट करण्याची कला होती आणि तिच्यासाठी मराठीत ‘बुरणूस’ असा सुंदर शब्द आहे. पिंजलेली लोकर थर देऊन पसरायची, पाणी शिंपडून चटईत गुंडाळायची आणि हातापायांनी दाबत लाटत राहायची, म्हणजे अंथरायला जाड, उबदार वस्त्र तयार होई. कोल्हापूर-बेळगाव भागात अशा वस्त्राला ‘जेन’ असेही म्हणतात. काश्मीरमध्ये आणि राजस्थानातील टोंक येथे नमदा करतात त्याच जातीचे हे काम. घोंगडी मात्र वेगळी. ती सणगर समाजातील विणकर मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. बुरणूस आणि घोंगडी, दोन्हींसाठी लागणारी लोकर धनगरांच्या दख्खनी मेंढीची. काळी, राठ, टोचणारी, पण खवल्यांची आणि म्हणून आटणारी.

दिवाळीनंतर पारनेरकडचे धनगर आपले कळप घेऊन घाट उतरून कोकणात जातात, तेव्हा त्यांचे वाडे, म्हणजे कळपांसह केलेले मुक्काम, पुण्याच्या आसपास रस्त्याकडेला दिसतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका वाड्यावर मी लोकर विकत मागितली तेव्हा तेथील आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या की, कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, कातरून तिथेच टाकून देतो, तुम्हाला हवी तेवढी न्या. मी आग्रहाने पैसे दिले. मांसाला भाव असल्यामुळे आता कमी लोकरीच्या, जत तालुक्यातील माडग्याळसारख्या मेंढ्यांना मागणी आहे आणि त्यात मेंढपाळाचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवावर भंडारा आणि खारीक-खोबऱ्याबरोबर आजही लोकर उधळली जाते, तिच लोकर रानात कुजत पडावी आणि आपण दुकानात जाऊन तेलापासून केलेले सूत लोकर म्हणून आणावे, ही विसंगती मला बोचते.

त्या लोकरीचे मी काय केले, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ती तीन पाण्यांत धुतली तरी माती आणि कुसळे निघत राहिली. पिंजायला आणि चातीवर कातायला मला दोन महिने लागले आणि सूत गाठाळ झाले. त्याची टोपी विणली, ती आटली, चांगली ढालीसारखी दाट झाली, पण कपाळाला इतकी टोचू लागली की आतून आईच्या जुन्या नऊवारीचे अस्तर लावावे लागले. टोपीसाठी ही लोकर योग्य नाही, असाच माझा निष्कर्ष आहे. मात्र त्याच सुताचे आसन आणि बाजाराची पिशवी उत्कृष्ट झाली. पिशवीत दोन वर्षे मी नारळ आणि बटाटे आणते आहे आणि तिला काहीही झालेले नाही. दख्खनी लोकर धुऊन, पिंजून, थोडी जाडसर कातून छंद म्हणून विणणाऱ्यांना लहान लडींच्या स्वरूपात मिळाली, तर तिला गिऱ्हाईक मिळेल असे मला वाटते. पुण्यातच कार्यालय असलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाने आणि घोंगडीचे काम करणाऱ्या संस्थांनी शंभर-शंभर ग्रॅमच्या लडी विकून पाहाव्यात. आम्ही विणणाऱ्या बायका मण-मण लोकर घेणार नाही, पण दोन लडी नक्की घेऊ.

आपल्याकडे माझे मागणे याहून लहान आहे. यापुढे पुरवणीत विणकामाची कृती छापताना, मेंढीची लोकर हवी असेल तेथे ‘मेंढीची लोकर’ आणि ॲक्रिलिक चालत असेल तेथे ‘ॲक्रिलिक’ असे स्पष्ट लिहावे. सुईची जाडी मिलिमीटरमध्ये द्यावी आणि शेजारी आपला जुना नंबर द्यावा. परदेशी कृती उतरवून घेतली असेल तर ती छापण्यापूर्वी कोणीतरी एकदा येथे मिळणाऱ्या सामानाने करून पाहावी. शक्य झाल्यास पुढच्या रविवारी त्या लेखातील लोकरीविषयीच्या आणि सुयांविषयीच्या दोन दुरुस्त्या चौकटीत प्रसिद्ध कराव्यात, कारण आमच्या सोसायटीतील तिघींसारख्या आणखी कितीजणी या क्षणी मोरीत बसून टोप्या चोळत असतील याची मला कल्पना नाही.

पत्रासोबतच्या पाकिटात दोन चौकोन पाठवत आहे. दोन्ही मीच, एकाच सुयांवर, २८ टाके घालून विणले आणि एकाच बादलीत एकाच वेळी चोळले. जो अजून आठ इंचांचा आहे तो ॲक्रिलिकचा. पाकिटात कडुनिंबाची वाळलेली पाने आहेत, ती कचरा समजून झटकू नयेत, दुसऱ्या चौकोनाला कसर लागेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे